चाळ दुरुस्त करा, माणसे हलवू नका

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथल्या जुन्या चाळींचा विषय निघाला की चर्चा थेट पुनर्विकासावर जाते. पाडकाम, टॉवर, तोवर संक्रमण शिबिर, म्हणजे रहिवाशांसाठी तात्पुरती घरे. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची तरतूद झाली, त्याच्या नावात दुरुस्ती आधी येते. भाडेकरू त्यासाठीच उपकर भरत आले आहेत.

आमच्या भागातल्या बहुतेक चाळी लाकडी सांगाड्याच्या. सागाची तुळई अख्खी कुजत नाही. मोरीचे पाणी झिरपून भिंतीत गेलेले तिचे टोक तेवढे भुसभुशीत होते. टेकू लावून तिथे लोखंडी तुळई बसवता येते, मोरी व संडासाच्या नळ्या बदलता येतात. एकेक खोली रिकामी करत गेले की काम होते. त्या घरच्यांना शेजारी सामावून घेतात, चाळीत हे नवे नाही. मात्र मंडळाच्या दुरुस्तीवरील प्रति चौरस मीटर खर्चाची मर्यादा आड आली की काम अर्धवट राहते आणि इमारत मोडकळीला येते.

खरोखर धोकादायक इमारत रिकामी करायलाच हवी, त्यात तडजोड नको. पण जिथे दुरुस्ती शक्य आहे, तिथे खर्चमर्यादा वाढवून कामे पावसाळ्याआधी पूर्ण करावीत. शिबिरात गेलेल्या कित्येक कुटुंबांची दुसरी पिढी तिथेच वाढली. ज्यांना घर सोडावेच लागेल, त्यांना त्याच वॉर्डात पर्यायी खोली आणि परतीची तारीख नोंदणीकृत करारात लिहून मिळावी.

– एक भाडेकरू, गिरगाव, मुंबई