डब्ल्यूसीडब्ल्यूत कुस्ती निकाली लावणारा वस्तादच नव्हता

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कुस्ती कंपनीवरचा लेख वाचला. हा विषय मराठी वर्तमानपत्रात कोणी अर्धं पान देऊन छापेल असं वाटलं नव्हतं, त्याबद्दल आधी आभार. पण डब्ल्यूसीडब्ल्यू बुडाल्याचं सगळं खापर लेखकाने एओएल आणि टाइम वॉर्नरच्या विलीनीकरणावर फोडलं आहे, ते पटलं नाही. विलीनीकरण जानेवारी २००१ मध्ये पुरं झालं आणि मार्चमध्ये जेमी केलनर या नव्या साहेबाने टर्नरच्या वाहिन्यांवरून कुस्ती उठवली, हे खरंच. पण वारा सुटला तेव्हा घर पडलं एवढंच त्यातून कळतं. वाळवी तीन वर्षं आधी लागली होती.

मी कोल्हापूरचा. शाळेत असताना डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर छातीचं माप आणि वजन पाठ करणाऱ्या पिढीतला, आणि रविवारी वडिलांबरोबर खासबागेत मातीतल्या कुस्त्या बघणारा. त्यामुळे "ती खोटी असते रे" हे वाक्य मी घरात हजारदा ऐकलं आहे. नूरा कुस्ती आहे हे आम्हाला दहाव्या वर्षीच कळलं होतं. पण निकाल आधी ठरलेला असेल, तर तो ठरवणाऱ्या माणसाची जबाबदारी वाढते की कमी होते? खऱ्या मैदानात कुस्ती रटाळ झाली, पंचांनी बरोबरीत सोडवली, तर लोक पैलवानांना शिव्या घालतात आणि घरी जातात. इथे मात्र रटाळ होण्याला निमित्तच नाही. कोण पडणार, कधी पडणार, भांडण किती महिने चालणार, हे सगळं एका खोलीत बसून ठरतं. ते ठरवणाऱ्याला त्या धंद्यात बुकर म्हणतात. आपल्याकडे तालमीत वस्ताद असतो, तसं म्हणा.

डब्ल्यूसीडब्ल्यूचा मालक टेड टर्नर, टीव्ही वाहिन्यांचा धनी. १९८८ साली त्याने क्रॉकेट कुटुंबाची कंपनी विकत घेतली, आणि पैशाची ददात मिटली. वस्ताद मात्र टिकला नाही. जिम हर्ड आला, त्याच्या काळात रिक फ्लेअर कंपनीचा विजेतेपदाचा पट्टा घेऊन निघून गेला. बिल वॉट्स आला, त्याने वरच्या दोरावरून उडी मारायलाच बंदी केली. (याच वॉट्सने ऑगस्ट १९९२ मध्ये रॉन सिमन्स या कृष्णवर्णीय पैलवानाला विश्वविजेता केलं, हेही त्याच्या खात्यात लिहायला हवं.) मग एरिक बिशॉफ आला.

बिशॉफला लेखकाने एका ओळीत उडवून लावलं आहे. हा अन्याय आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये नायट्रो हा कार्यक्रम सोमवारी रात्री, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक विन्स मॅकमहनच्या रॉ या कार्यक्रमाच्या छातीवर, थेट प्रक्षेपणाने आणला तो यानेच. रे मिस्टेरिओ, एडी गरेरो, डीन मालेंको अशा हलक्या वजनाच्या पैलवानांना अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर जागा दिली तीही यानेच. आणि १९९६ च्या मे महिन्यात समोरच्या कंपनीतून आलेला स्कॉट हॉल गर्दीतून उठून रिंगमध्ये शिरला, मागोमाग केव्हिन नॅश, आणि ७ जुलैला डेटोना बीचला साक्षात हल्क होगन खलनायक होऊन त्यांना मिळाला. या टोळीचं नाव एनडब्ल्यूओ! कल्पना जपानमधल्या दोन कंपन्यांच्या भांडणावरून सुचलेली, पण मांडली अशी की त्या जूनपासून एप्रिल १९९८ पर्यंत रॉ दर आठवड्याला मागे राहिला. ऐंशीपेक्षा जास्त आठवडे. तमाशातल्या वगाला अशी नांदी मिळाली तर फडमालक आयुष्यभर त्यावर जेवेल.

बिशॉफला सुरुवात लिहिता येत होती. शेवट येत नव्हता.

स्टिंगचं घ्या. कंपनीचा घरचा पोरगा, लोकांचा लाडका. एनडब्ल्यूओच्या नादात त्याच्यावरच गद्दारीचा संशय घेतला गेला, म्हणून तो बोलायचा बंद झाला. तोंडाला पांढरा-काळा रंग, हातात बॅट, आणि सभागृहाच्या छताशी एकटा बसून खाली बघत राहायचा. वर्षाहून अधिक काळ त्याने एकही कुस्ती केली नाही. विचार करा, संपादक महोदय, वर्षभर न खेळणारा पैलवान कंपनीचा सगळ्यात मोठा आकर्षणबिंदू झाला होता! २८ डिसेंबर १९९७ ला वॉशिंग्टनमध्ये स्टारकेडला त्याची आणि होगनची गाठ ठरली. पैसे भरून घरबसल्या बघायच्या त्या कार्यक्रमाला कंपनीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रेक्षक मिळाला.

आता खासबागेतल्या शेंबड्या पोरालाही विचारा, या कुस्तीचा निकाल काय असावा. हलगी वाजली, पोरगा आत आला, दहा मिनिटांत चितपट, आभाळ दाखवलं, फेटे उडाले. एवढंच करायचं होतं. झालं काय? होगनने बराच वेळ स्टिंगला बडवलं आणि सरळ सरळ पाडलं. ठरलं असं होतं म्हणे की विकला गेलेला पंच निक पॅट्रिक घाईघाईने तीन मोजेल आणि त्या लबाडीवरून पुढे वाद होईल. पण पॅट्रिकने मोजलं अगदी नेहमीच्या चालीने. का, ते त्यातला प्रत्येक जण वेगळं सांगतो. मग ब्रेट हार्ट हा दुसरा पैलवान मध्ये आला, कुस्ती पुन्हा सुरू करायला लावली, आणि स्टिंग एकदाचा जिंकला. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं ते हे, की लाडका पोरगा स्वच्छ हरला आणि मग त्याला वशिल्याने पट्टा मिळाला. काही दिवसांत वादाच्या नावाखाली तो पट्टाही काढून घेतला, आणि फेब्रुवारीत पुन्हा कुस्ती लावली.

याचं मूळ होगनच्या करारात होतं. आपल्या पात्राचं काय होणार यावर त्याला अंतिम शब्द दिलेला होता. जुलै २०२५ मध्ये तो गेला, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून एवढंच म्हणतो की करारावर सही दोघांची असते. मी बरीच वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना केली आहे. एका स्पर्धेच्या वेळी आमच्या नायकाने रंगीत तालमीच्या दिवशी "मी शेवटी मरणार नाही" असं जाहीर केलं होतं, आणि दिग्दर्शक मान खाली घालून "बरं" म्हणाला होता. त्या प्रयोगात शेवटचा प्रकाश कोणावर टाकायचा हे मला अजून कळलेलं नाही.

गोल्डबर्गच्या बाबतीत तर हद्द झाली. ६ जुलै १९९८ ला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये, सुमारे चाळीस हजार लोकांसमोर, त्याने होगनला पाडून पट्टा घेतला. हा पूर्वी अटलांटा फाल्कन्सकडून फुटबॉल खेळलेला गडी, म्हणजे गावचाच. पण ही कुस्ती कंपनीने सोमवारी टीव्हीवर फुकट दाखवली, एका रात्री रॉला हरवायला. महिनाभर वाट बघायला लावून तिकीट लावलं असतं तर? बियाणं शिजवून खाल्लं, दुसरं काय. डिसेंबरात त्याची न हरण्याची मालिका तोडली तीही विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने, आणि जिंकला केव्हिन नॅश.

४ जानेवारी १९९९. त्याच जॉर्जिया डोममध्ये नॅश आणि गोल्डबर्गची परतीची कुस्ती जाहीर झालेली. गोल्डबर्गला एका खोट्या तक्रारीत अटक झाल्याचं नाटक रचलं, त्याच्या जागी होगन आला, त्याने नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश आडवा पडला, होगन विजेता. एक बोट! त्याच रात्री निवेदक टोनी शियावोनेला वरून हुकूम आला आणि त्याने सांगून टाकलं की समोरच्या वाहिनीवर, आधीच चित्रित झालेल्या कार्यक्रमात, मिक फोली विजेता होणार आहे, वर त्याची टिंगलही केली. लोकांनी तिथल्या तिथे चॅनेल बदललं. तो फोली पूर्वी याच कंपनीत होता. स्टीव्ह ऑस्टिनही होता, त्याला १९९५ मध्ये दुखापतीच्या काळात काढून टाकलेलं. पुढे रॉ ज्यांच्या जिवावर उभा राहिला, त्यातली कितीतरी माणसं डब्ल्यूसीडब्ल्यूच्या दारातूनच बाहेर पडलेली.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते वाचायलाही कंटाळवाणं आहे. मिस्टेरिओचा मुखवटा फेब्रुवारी १९९९ मध्ये उतरवला. मेक्सिकोत मुखवट्याला काय मान आहे ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं दुःख कळेल. क्रिस जेरिको कंटाळून गेला. जानेवारी २००० मध्ये गरेरो, मालेंको, सॅटर्न आणि क्रिस बेन्वा एकदम गेले. (बेन्वाचं नाव नंतर ज्या भयंकर कारणाने गाजलं, ते इथे बाजूला ठेवतो.)

त्याआधी ऑक्टोबर १९९९ मध्ये व्हिन्स रुसो या कथा लिहिणाऱ्या माणसाला समोरून फोडून आणलं होतं. लेखकाने रुसोला वेडा ठरवलं आहे. पण हाच माणूस डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये लिहीत होता तेव्हा ती कंपनी जोरात होती. फरक एवढाच की तिथे त्याने दहा कल्पना आणल्या की मॅकमहन सात चाळणीवर ठेवायचा. इथे चाळणीच नव्हती. म्हणून एप्रिल २००० मध्ये डेव्हिड आर्केट हा नट चित्रपटाच्या जाहिरातीसाठी विश्वविजेता झाला. खुद्द आर्केटला ते पटलं नव्हतं, आणि मिळालेले पैसे त्याने संकटात सापडलेल्या पैलवानांच्या कुटुंबांना देऊन टाकले. सप्टेंबरात तर रुसोने स्वतःच पट्टा जिंकला. वस्तादानेच गदा पळवली की तालमीत कोण राहील? त्या वर्षी तोटा सहा कोटी डॉलरांवर गेला.

मग दुसरा कोणी असता तर काय झालं असतं? मला फार हुशार माणूस नको आहे. बिशॉफच राहू द्या, त्याच्या सुरुवाती राहू द्या, फक्त त्याच्यावर होगनला "नाही" म्हणू शकणारा एक जण बसवा. स्टारकेडला स्टिंग स्वच्छ जिंकतो. एनडब्ल्यूओ उन्हाळ्यापर्यंत फुटून संपते. गोल्डबर्गची कुस्ती तिकीट लावून होते. जेरिको १९९८ भर गोल्डबर्गला डिवचत फिरत होता, लोक हसत होते. ती कुस्ती त्याला मिळते, तो हरतो, पण मोठा होऊन हरतो. केलनरने तरीही कुस्ती उठवली असती का? कदाचित हो, जाहिरातदारांना कुस्ती कधीच फार आवडली नाही. पण नफ्यातल्या कंपनीला दुसरी वाहिनी मिळाली असती. तोट्यातल्या कंपनीचं वाहिनीवरचं स्थान गेल्यावर बिशॉफने जमवलेले गुंतवणूकदारही पळाले, आणि मॅकमहनने ती उचलली ती, त्या वेळच्या बातम्यांनुसार, सुमारे पंचवीस लाख डॉलरांत.

हे सगळं नंतरचं शहाणपण आहे असं कोणी म्हणेल. म्हणून अलीकडचं एक उदाहरण. मॅकमहन बाजूला झाल्यावर डब्ल्यूडब्ल्यूईची (म्हणजे जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफची) कथा ट्रिपल एच या जुन्या पैलवानाच्या हाती आली. २०२४ च्या सुरुवातीला विजेत्या रोमन रेन्ससमोरची कोडी रोड्सची जागा रॉकला द्यायचं घाटत होतं, आणि रॉक नुकताच मूळ कंपनीच्या संचालक मंडळावर आलेला, म्हणजे होगनपेक्षाही जड असामी. लोकांनी गिल्ला केला. ट्रिपल एच ऐकला, रॉकही मागे सरला आणि खलनायक झाला, आणि ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडीने १३१६ दिवस पट्टा धरून बसलेल्या रोमन रेन्सला पाडलं. कोडीचे वडील डस्टी रोड्स एके काळी डब्ल्यूसीडब्ल्यूतच बुकर होते, आणि ट्रिपल एच १९९४ मध्ये तिथेच खालच्या फळीत घाम गाळत होता.

शेवटी एक दुरुस्ती. नायट्रोचा अखेरचा भाग अटलांटात झाला असं लेखात आहे. तो २६ मार्च २००१ ला फ्लोरिडात पनामा सिटी बीचला झाला. शेवटची कुस्ती स्टिंग आणि रिक फ्लेअर यांची होती, साडेपाच वर्षांपूर्वी पहिल्या भागातही ही जोडी भिडली होती. फ्लेअर वय झालेला, अंगात टी-शर्ट घालून लढला. स्टिंगने त्याला पायांच्या पेचात धरून हार मानायला लावली. पंच नीट होता, मध्ये कोणी आलं नाही, आणि होगन त्या दिवशी तिथे नव्हता.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर