लाळग्रंथीची गाठ: रिपोर्टमधला एकच शब्द वाचू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत एका वाचकाने विचारलं होतं, की कानाखालची गाठ सुईच्या तपासणीत ‘साधी’ निघाली आहे, दुखतही नाही, तर तशीच राहू दिली तर चालेल का? उत्तरात ‘काळजीचं कारण नाही’ एवढंच छापून आलं. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझी पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपपुढे गेली. ते उत्तर वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

‘साधी’ म्हणजे कॅन्सर नसलेली, हे खरं. कानाखालच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतल्या गाठींपैकी साधारण ८० टक्के तशाच असतात. त्यांतही सर्वांत जास्त आढळते ती प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा नावाची गाठ. ती दुखत नाही, सावकाश वाढते, माणूस तिला सरावतो. पण काही जणांत याच गाठीतून पुढे कॅन्सर उपजतो आणि गाठ जितकी जुनी, तितकी ही शक्यता वाढत जाते. एकदा एका नमुन्यासोबत घडीवर फाटलेला जुना रिपोर्ट जोडून आला होता. बारा वर्षांपूर्वीचं निदान अगदी बरोबर होतं. घरच्यांनी त्यातलं ‘कॅन्सर नाही’ एवढं वाचून कागद कपाटात ठेवला होता. मग गाठ झपाट्याने वाढली, त्या बाजूचा डोळा मिटेना, तोंड वाकडं झालं. चेहऱ्याची नस या ग्रंथीच्या आतूनच जाते. स्लाइडवर जुन्या गाठीचे अवशेष आणि त्यातून फुटलेला कॅन्सर शेजारी शेजारी दिसत होते. त्या घराला रिपोर्टचा अर्थ कुणी समजावून सांगितला नव्हता, हे मला आजही डाचतं.

अशी गाठ नुसती सोलून काढूनही भागत नाही. तिचं कवच जागोजागी पातळ असतं आणि त्यातून बोटांसारखे कोंब बाहेर आलेले असतात. ते मागे राहिले, तर काही वर्षांनी एका गाठीच्या जागी बारीक बारीक अनेक गाठी उगवतात आणि त्या काढणं फार अवघड जातं. म्हणून भोवतालच्या निरोगी ग्रंथीचा थर घेऊनच गाठ काढायची असते. याच कारणाने पॅरोटिडची गाठ बाहेरून कापून तुकडा घेणं शक्यतो टाळतात, कारण त्यात पेशी सांडण्याची आणि नसेला इजा होण्याची भीती असते. बारीक सुईच्या तपासणीत हा धोका नगण्य आहे. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं समजून कितीतरी लोक महिनोन्महिने थांबतात. कृपा करून थांबू नका.

मात्र सुईला मर्यादा आहे, ती समजून घ्यायला हवी. सुईत पेशी येतात, गाठीची कड येत नाही. लाळग्रंथीच्या काही साध्या गाठी आणि त्यांचे कॅन्सर यांच्या पेशी दिसायला जवळजवळ सारख्या असतात. फरक कळतो तो कडेवर, म्हणजे गाठ आपल्या मर्यादेत राहिली आहे की शेजारच्या भागात घुसली आहे, यावरून. २०१८ साली सुईच्या रिपोर्टसाठी ‘मिलान पद्धत’ प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘ही गाठच आहे, पण साधी की कॅन्सरची हे नक्की सांगता येत नाही’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे. या वर्गातल्या सुमारे एकतृतीयांश गाठी शेवटी कॅन्सरच्या निघतात. असा रिपोर्ट हाती पडला की नातेवाईक चिडतात, ‘मग तपासून कळलं काय?’ म्हणतात. त्यांचा त्रागा समजतो, पण तिथे ओढूनताणून ‘साधी’ लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट त्यांचं नुकसान करत असतो. ‘नमुना अपुरा’ हा शेराही ‘सगळं ठीक’ असा वाचायचा नसतो. तपासणी पुन्हा करायची असते.

आता नमुन्यासोबत आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मविषयी. ‘मानेला गाठ’, बस्स, एवढंच लिहिलेलं असतं! गाठ कुठे आहे यावर आमचा अर्धा विचार अवलंबून असतो, कारण लाळग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता जास्त. तोंडातल्या टाळूवर अशाच बारीक लाळग्रंथी असतात, म्हणून तिथल्या गाठीकडे आम्ही पॅरोटिडच्या गाठीपेक्षा जास्त धास्तीने बघतो. गाठ किती दिवसांची आहे, अलीकडे एकदम वाढली का, बधिरपणा आहे का, पूर्वी तिथे ऑपरेशन झालं होतं का, हे लिहिलेलं हवं. माणूस सिगारेट ओढतो का, हेसुद्धा हवं, कारण वॉर्थिनची गाठ, म्हणजे पॅरोटिडची आणखी एक साधी गाठ, प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्यांत होते आणि कधी दोन्ही बाजूंना असते. डोळे आणि तोंड सतत कोरडं पडत असेल, तर आमचा विचार शोग्रेनच्या आजाराकडे वळतो, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. तिथे ओठाच्या आतल्या बारीक ग्रंथींचा नमुना लागतो. डॉक्टरांनी लिहिलं नसेल, तर रुग्णाने स्वतः सांगावं.

‘कॅन्सर’ हाही एकच शब्द वाचून चालत नाही. म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा कॅन्सर कमी आक्रमक (‘लो ग्रेड’) असेल, तर पुष्कळदा नुसत्या ऑपरेशनने बरा होतो. अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा दुसरा कॅन्सर मात्र नसेच्या कडेने सरकत जातो आणि दहा-पंधरा वर्षांनी फुप्फुसात डोकं वर काढू शकतो. पाच वर्षं उलटली, आता सुटलो, असं म्हणून तपासण्या बंद करणाऱ्या रुग्णांची म्हणूनच काळजी वाटते.

आणखी एक. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेले गाठीचे तुकडे, जपा. सिक्रीटरी कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा वेगळा कॅन्सर म्हणून २०१० साली ओळखला गेला. त्याआधी त्यातल्या बऱ्याच गाठी दुसऱ्याच नावाने नोंदल्या जात. ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही दोन जनुकं जोडली गेल्याने तो होतो, आणि आजार पसरलेला असला तर त्या जोडावर नेमकं काम करणारी औषधं आज आहेत. जुना ब्लॉक असेल, तर ही तपासणी आजही करता येते.

त्या प्रश्नकर्त्या वाचकापर्यंत आपण हे पोहोचवावं, ही विनंती. त्यांनी रिपोर्टवरचं गाठीचं पूर्ण नाव वाचावं आणि रिपोर्ट व स्लाइड घेऊन कान-नाक-घसा किंवा डोकं-मानेच्या सर्जनना भेटावं. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायची असेल तर मागून घ्यावी. आम्हाला त्यात अपमान वाटत नाही.

आपला,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट