तुझा सोडावॉटरचा बिल्ला

फोंडा, चवथीचा दुसरा दिवस

प्रिय सुऱ्या,

दीड वर्ष झालं, ना पत्र ना फोन. चूक माझीच. तब्येत ठीक, साखर जरा वर. पण आजचं दुःख तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

चवथीच्या आधी आईने समया, घंटा, तांब्या घासायला काढल्या. माझा डबाही तिच्या हाती लागला. पलटणींच्या कॅन्टीनमध्ये पैशांऐवजी चालायचे ते सगळे जुने पितळी बिल्ले तिने चिंच लावून लख्ख केले! संध्याकाळी ताटात मांडून म्हणाली, "बघ, किती मळले होते." त्यातच तुझा तो 'सोडा वॉटर'वाला. कडेचा काळसर तपकिरी रंग पार गेला, अक्षरांच्या खाचेत चिंचेचा गर वाळलाय. तिची बोटं सुरकुतलेली होती. मी "छान" म्हटलं आणि खोलीत जाऊन बसलो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो आधी कुणी पाहिला, यावरून आपण दोन महिने बोललो नव्हतो. शेवटी बिल्ला तुझा आणि सांभाळायचा मी, असं ठरलं. तू तर तो दुकानदारापुढे ठेवून सोड्याची बाटली मागितली होतीस!

कागदी कुपनं तेवढी वाचली. दुसऱ्या महायुद्धातली, भोपाळच्या युद्धकैदी छावणीची, एक आण्याची. तू म्हणायचास, कैद्याच्या हाती खरा रुपया पडला तर तो रेल्वेचं तिकीट काढील. म्हणून छावणीच्या कॅन्टीनबाहेर ज्याला कुणी विचारणार नाही असा कागद द्यायचा. आणि तिकीट काढून जाणार कुठे? गोव्याला, पोर्तुगाल तटस्थ ना! आपल्या गोव्याचं नाव त्या कागदावर नसूनही आहे, हे तूच दाखवलंस.

पण बिल्ल्याचं काय करू? तो काळसर रंग हीच जुनेपणाची खूण होती, आता कुणीही त्याला नक्कल म्हणेल. रसायन लावून काळा करता येतो, पण ते खोटं, मी करणार नाही. असाच पाठवू, की इथेच राहू दे? रोज रात्री हाच विचार.

मिनूचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तुझ्या बदलीचं काय झालं?

बिल्ला खिडकीत उघडा ठेवलाय. पावसाळी हवा आहे, धरेल हळूहळू रंग. तू येशील तेव्हा आईसमोर त्याचा विषय काढू नकोस.

तुझा,
बाबू