चित्राखाली नाव तरी लिहा

संपादक महोदय,
गाडीतून जाताना नुसती भिंत वाटते, तीच पायी फिरताना अख्खं चित्र होऊन समोर येते आणि जवळ गेलं की ब्रशचे फटकारे, ओघळलेला रंग, ओल लागून सुटलेले पोपडे सगळं दिसतं. पण चित्र कोणाचं, कधीचं? काहीच लिहिलेलं नसतं! अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९८४ मध्ये ग्राफिटीला, म्हणजे भिंतींवर परवानगीशिवाय केलेल्या रंगकामाला, आळा घालायला सुरू झालेल्या उपक्रमातून हजारो म्युरल्स (भित्तिचित्रं) झाली, लोक मुद्दाम टूर घेऊन ती बघतात. उन्हाने काही लाल-पिवळे रंग तर लवकरच उडतात, म्हणून उद्घाटनाचे फोटो काढून मोकळं होण्याआधी देखभालीचे पैसे बाजूला काढा. आणि चित्रांवर पोस्टरं चिकटवणाऱ्यांना कोण आवरणार?
– एक पायी फिरणारा वाचक