गाडी पाणी कुठे पितेय ते शोधून दिल्याबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही माहितेय, तुमचा मोबाईल फोन उचलण्यापुरताच, पण मुलगा वाचून दाखवेल म्हणून लिहितोय. परवा तुमच्या गॅरेजमधून गाडी न्यायला आलो तेव्हा पाऊस वाढत होता, हिंदमाताला पाणी भरायच्या आत निघायचं होतं, त्यामुळे पैसे दिले आणि पळालो. धड थँक्यू पण नाही बोललो.

जूनपासून माझी गाडी पाणी पित होती. दर आठवड्याला बॉनेटखालच्या बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) मिनिममच्या खाली, आणि पार्किंगमध्ये खाली बघावं तर एसीचं पाणी सोडून काही नाही. वॉचमन म्हणायचा साहेब एसीचंच आहे, मी पण म्हणायचो एसीचंच आहे. मग एक दिवस लालबागच्या ट्रॅफिकमध्ये इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला आणि मी घाबरून सरळ एका मोठ्या चकाचक वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांनी बॉनेट उघडून पाच मिनिटं बघितलं, बाहेर गळती नाही म्हणजे पाणी इंजिनात जातंय, हेड गॅसकेट (इंजिन आणि त्याच्या वरच्या भागामधलं, म्हणजे हेडखालचं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, ३८ हजार. एस्टिमेट छापूनसुद्धा दिलं. मी ते खिशात घालून तुमच्याकडे आलो ते खरं सांगायचं तर तुम्ही स्वस्तात हेड उतरवाल म्हणून.

तुम्ही कागद बघितला पण नाहीत. आधी ऑइलची दांडी ओढून बघितली, ऑइल दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. मग ती रबरी फुगा लावलेली काचेची नळी काढलीत, त्यात निळं लिक्विड, रेडिएटरच्या तोंडावर धरून चालू गाडीत फुगा दाबत बसलात. इंजिनातला जळका गॅस पाण्यात घुसत असेल तर हे पिवळं होतं म्हणालात. दहा मिनिटं झाली तरी निळं ते निळंच. "हेड राहू दे जागेवर," एवढंच बोललात आणि मला वाटलं बहुतेक या काकांना एवढं मोठं काम घ्यायचं नाहीये. हो, असं वाटलं होतं, आता कबूल करतो.

मग तुम्ही विचारलंत गाडीत वास कसला येतो. मी म्हटलं परफ्यूमचा, बायकोने लावलाय, गोडसर आहे. तुम्ही परफ्यूमची डबी काढून बाहेर ठेवलीत, दार बंद करून मला आत बसवलंत आणि वास तसाच! नंतर समोरच्या काचेवर आतून बोट फिरवलंत आणि ते बोट माझ्या बोटावर घासलंत. चिकट, तेलकट. मी महिनाभर ती काच फडक्याने पुसत होतो आणि पावसाळा आहे, धुकं धरणारच असं समजत होतो. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी तेव्हापासून दहा जणांना सांगितलंय: एसी जास्त थंड केला की मुंबईच्या हवेत काचेला बाहेरून धुकं येतं, ते वायपरने जातं. आतलं धुकं पुसूनही परत येतं आणि हाताला चिकटतं, तर ते पावसाचं नाही. पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट पण ओलं होतं की, पण जुलैमध्ये कोणाच्या गाडीत ओलं नसतं, ओल्या छत्र्या तिथेच तर टाकतो आपण.

तरी तुम्ही नक्की बोलला नाहीत. गाडी रात्रभर ठेवा म्हणालात. थंड इंजिनावर रेडिएटरला तो हातपंप लावून १.१ बारपर्यंत प्रेशर भरलंत, रेडिएटरच्या झाकणावर तोच आकडा लिहिलेला असतो हे दहा वर्षं गाडी चालवून मला माहीत नव्हतं. एवढं प्रेशर असलं की पाणी १०० ला न उकळता १२० च्या आसपास उकळतं, म्हणून झाकण धड पाहिजे आणि म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे पण तेव्हाच कळलं. (मी दोनदा उघडलंय. हात वाचला हे नशीब.)

सकाळी आलो तर पंपाचा काटा ०.७ वर, आणि तुम्ही तुमच्या पिवळ्या टॉर्चने खाली बघायला सांगितलंत. एसीच्या ड्रेनच्या नळीतून थेंब पडत होते. एसी रात्रभर बंद! पांढऱ्या कागदावर थेंब घेतला तर फिकट गुलाबी. म्हणजे महिनाभर वॉचमन आणि मी ज्याला एसीचं पाणी म्हणत होतो त्यात माझं कूलंटच मिसळून जात होतं. सोसायटीच्या मांजरी तिथे चाटायला यायच्या ते आठवून पोटात गोळा आला, कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं हे पण तुम्हीच सांगितलंत. त्याच दिवशी ती जागा धुवून काढली, मांजरी सगळ्या ठीक आहेत.

हीटरची कॉइल (डॅशबोर्डच्या आतली, गाडीत गरम हवा देणारी, जिच्यातून कूलंट फिरतं ती) फुटली म्हणालात तेव्हा मी भांडलोच तुमच्याशी. मुंबईत हीटर लावतो कोण, मी एकदाही लावला नाही, मग फुटेल कशी? तुम्ही शांतपणे सांगितलंत की या गाडीत गरम पाणी कॉइलमधून कायम फिरतंच, बटण फिरवलं की फक्त हवेचं दार उघडतं. मग विचारलंत बाटलीत काय टाकता. नळाचं पाणी, मी म्हटलं. कॉइल त्यानेच आतून सडली असणार. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तो तुमचा मोठेपणा.

त्यातही तुम्ही लगेच डॅशबोर्ड खोलला नाहीत. हीटरचे दोन्ही पाईप बाहेरच एकमेकांना जोडून टाकलेत, म्हणजे पाणी कॉइलमध्ये जाणारच नाही, बाटलीवर मार्करने रेघ मारलीत आणि म्हणालात आठ दिवस चालवा. आठ दिवसांत रेघेखाली केसभर उतरलं नाही. तेव्हा कुठे दोन दिवस गाडी ठेवून कॉइल बदललीत. असंच चालवलं तरी चालेल हे पण आधी स्पष्ट सांगितलं होतंत, पण मला डिसेंबरात महाबळेश्वरला जायचंय म्हणून मीच बदला म्हटलं. कॉइल, नवीन कूलंट, लेबर सगळं धरून ७,२००. ते छापील एस्टिमेट अजून माझ्या खिशात आहे, धुतलं गेलंय पण ३८ चा आकडा वाचता येतो.

आज बरोबर तीन आठवडे झाले कॉइल बसवून, परवा पाईपच्या क्लिपा परत आवळायला बोलावलंत तेव्हाही पाणी रेघेवरच होतं. बायको म्हणते परफ्यूम आता खरा कसा आहे ते कळतंय आणि तो तिला अजिबात आवडत नाही.

आणि हो, तुमचा पिवळा टॉर्च माझ्या सीटखाली सापडला. शनिवारी आणून देतो, तेव्हा चहा माझ्याकडून.