पिल्लू घेताना त्याच्या आई-वडिलांचीही चौकशी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी जातींच्या पिल्लांवरचा आपल्या पुरवणीतला लेख पुण्याच्या बहिणीने मला टोकियोत पाठवला. ती जॅक रसेल टेरिअर जातीचं कुत्र्याचं पिल्लू घ्यायच्या विचारात आहे. लेखात रंग, किंमत, खाणं, ट्रेनिंग सगळं आलं. पिल्लाच्या आई-वडिलांच्या तब्येतीचा मात्र शब्दही नाही.

आमची मोची जॅक रसेलच. तिसऱ्या वर्षी तिच्या शीवर ताजं लाल रक्त दिसू लागलं. खात होती, खेळत होती, म्हणून आम्ही जंताचं औषध दिलं, खाणं बदललं आणि चार महिने घालवले. शेवटी डॉक्टरांनी हातमोजा घालून गुदाशय तपासला, तेव्हा बोटाला गाठ लागली. दुर्बिणीतून पाहिलं तर आणखी गाठी, जठरातही एक.

जपानमधल्या जॅक रसेलमध्ये या गाठी, म्हणजे पॉलिप, आनुवंशिक असल्याचं गिफू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं. एपीसी या जनुकातली शेजारशेजारची दोन अक्षरं बदललेली असतात. तेवढ्याने त्याचं प्रथिन अर्धवट तयार होतं. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं हे जनुक. माणसांत ते जन्मतः बिघडलेलं असलं की मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप येतात. दोष आई किंवा बाप एकाकडून आला तरी पुरतो, म्हणजे अशा कुत्रीच्या प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. आणि रक्त दिसायच्या आधीच तिची एक-दोन वेतं होऊन गेलेली असू शकतात! मला सगळ्यांत जास्त हेच छळतं. मोचीची भावंडं कुठे आहेत हे आम्हाला सांगणारं कुणी नाही. जिथून तिला आणलं तिथे नोंदच ठेवलेली नव्हती.

गाठी काढल्या तरी नव्या येतात, काहींचा कर्करोग होतो. त्यामुळे तपासण्या सुटत नाहीत.

हा दोष जपानमधल्या कुळांत सापडला आहे, तिकडच्या वाचकांनी घाबरून जाऊ नये. पण तरुण कुत्र्याच्या शीवर वारंवार रक्त दिसलं तर जंतांवर भागवू नका, गुदाशय तपासायला सांगा. भारतात २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती दाखवा म्हणायला संकोच नको. आजारी कुत्र्यापासून पुन्हा पिल्लं घेणं थांबलं पाहिजे, आणि ते गिऱ्हाइकांनी विचारल्याशिवाय थांबणार नाही.

बहिणीला सांगितलं आहे, पिल्लू पसंत करण्याआधी त्याची आई बघून ये.

– आपली एक वाचक, निशिकासाई, टोकियो