रविवारच्या सामन्याबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी 7 वाजता भारत-पाकिस्तान सामना सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवणार आहोत. खुर्च्या मांडायला तरुण मंडळींनी साडेसहालाच यावे. मागच्या वेळचा प्रकार पुन्हा नको, म्हणून आधीच सांगतो :

• खेळावर मनसोक्त बोला. सुटलेला झेल, ढिसाळ गोलंदाजी, पंचांचा निर्णय, सगळे चालेल.

• धर्म, जात, आई-बहिणीवरून शिव्या आणि देशद्रोहाचा शिक्का बंद. दोन्ही संघांसाठी. 2021 मध्ये दुबईत आपण 10 गड्यांनी हरलो. हरला अख्खा संघ, पण धर्मावरून शिव्या खाल्ल्या एकट्या मोहम्मद शमीने. पुढच्या वर्षी एका सुटलेल्या झेलावरून अर्शदीप ‘खलिस्तानी’ ठरला. (तोही आपलाच गोलंदाज, बरं का!)

• पाकिस्तानशी खेळावे का, हस्तांदोलन करावे का, हा वाद मध्यंतरात चहासोबत घाला. 1991 मध्ये पाकिस्तानशी सामना नको म्हणून वानखेडेची खेळपट्टी उखडली गेली, तेव्हापासून तो चालूच आहे. षटक सुरू असताना मिटणार नाही.

एकदा समज, दुसऱ्यांदा हॉलबाहेर. समितीचे सदस्यही अपवाद नाहीत.

फटाके जिंकल्यावरच, आणि पार्किंगपासून लांब.

– सचिव